ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रॉनिक मीडिया प्रॉडक्शन आणि मॅनेजमेंट शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हा कोर्स केलाय, आणि त्यानंतर मला मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येत राहिले, दर वेळी नव्याने टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांब झालीत, काही दोन ओळींची आहेत, ज्या प्रश्नावर जेवढं बोलायला होतं तेवढं बोललोय.

हा कोर्स म्हणजे फिल्म मेकिंगच ना?

नाही, आणि हा गैरसमज घेऊन आलेले लोक पहिल्या सेमिस्टरलाच वैतागतात. फिल्मवाले एका गोष्टीवर महिनोन्‌महिने बसू शकतात, आपल्याकडे घड्याळ मालक असतं. रेडिओ, टीव्ही, लाइव्ह स्ट्रीम, पॉडकास्ट, मल्टिकॅमेरा शो, म्हणजे जे ठरलेल्या सेकंदाला सुरू होतं आणि ठरलेल्या सेकंदाला संपतं ते सगळं यात येतं. शॉट सुंदर नसला तरी चालतो पण ‘नसला’ तर चालत नाही. कोर्सचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, कुठे ब्रॉडकास्टिंग, कुठे मीडिया कम्युनिकेशन, त्यामुळे नावावर जाऊ नका, विषयांची यादी उघडून त्यात बजेट, कायदा, शेड्युलिंग, प्रेक्षकांचा अभ्यास हे आहे का ते बघा. नसेल तर तो नुसता प्रॉडक्शनचा कोर्स आहे, मॅनेजमेंट फक्त नावाला चिकटवलंय.

मी ख्रिश्चन नाही. ॲडमिशन मिळते का?

युनिव्हर्सिटीवर अवलंबून आहे आणि फरक मोठा आहे. कॅलिफोर्नियातली बायोला युनिव्हर्सिटी अंडरग्रॅज्युएटला ख्रिस्ती श्रद्धा असलेलेच विद्यार्थी घेते, तर व्हर्जिनियातली लिबर्टी युनिव्हर्सिटी स्वतःला ठामपणे इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणारा ख्रिस्ती प्रवाह) म्हणवते पण विद्यार्थ्याने ख्रिश्चन असलंच पाहिजे अशी अट घालत नाही. म्हणजे बाहेरून दोन्ही ‘ख्रिश्चन युनिव्हर्सिटी’च, आत नियम वेगळे. फॉर्म भरायच्या आधी दोन कागद वाचा, एक म्हणजे त्यांचं श्रद्धेचं निवेदन, आणि दुसरा विद्यार्थ्यांची आचारसंहिता. दुसरा जास्त महत्त्वाचा कारण रोजचं जगणं त्याने ठरतं, दारू, हॉस्टेलच्या वेळा, नातेसंबंध, सगळं त्यात असतं आणि सही तुमची असते. आपल्याला पटत नसेल तर ‘बघू नंतर’ म्हणून सही करू नका, हे मी मित्रांचे हाल बघून सांगतोय.

बाकी या क्षेत्राच्या इतिहासाचंच म्हणाल तर एक किस्सा मला फार आवडतो. २ जानेवारी १९२१ ला पिट्सबर्गच्या केडीकेए रेडिओ स्टेशनने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली उपासना थेट प्रक्षेपित केली, रेडिओवरची पहिली चर्च सर्व्हिस म्हणून तिची नोंद होते, आणि स्टेशन सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. यंत्रं सांभाळायला जे दोन तंत्रज्ञ होते त्यातला एक ज्यू आणि एक कॅथलिक, आणि लोकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून दोघांना क्वायरचे (चर्चच्या गायकवृंदाचे) झगे घालून बसवलं होतं. तर धर्म वेगळा असलेला साउंडवाला ही काही नवीन गोष्ट नाही, अगदी पहिल्या दिवसापासून आहे 😄

चॅपल आणि बायबलचे विषय कम्पल्सरी असतात का?

बहुतेक ठिकाणी हो. चॅपलची, म्हणजे कॅम्पसवरच्या सामूहिक प्रार्थनेची, हजेरी मोजतात, बायबल किंवा थिऑलॉजीचे (धर्मशास्त्राचे) काही क्रेडिट डिग्रीला लागतात, ते चुकवून पदवी मिळत नाही. वेळापत्रक करताना हे तास धरूनच चाला, नाहीतर शेवटच्या सेमिस्टरला एडिटिंग रूममध्ये रात्री आणि सकाळी जुन्या कराराचा पेपर अशी गत होते.

पहिल्या वर्षी काय शिकवतात? कॅमेरा लगेच हातात देतात का?

केबल देतात 😅 मस्करी नाही करत. केबल गुंडाळायची एक पद्धत असते, एक वेटोळं सरळ आणि पुढचं उलटं, अशी गुंडाळली की फेकल्यावर ती सरळ पसरते आणि आतली तार पिळली जात नाही. हाताच्या कोपराला गुंडाळणाऱ्याला आमच्याकडे जी नजर मिळायची ती मी विसरणार नाही. मग लाइट, टंगस्टन दिवा साधारण ३२०० केल्विन आणि दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विन, दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की अर्धा माणूस केशरी नाहीतर अर्धा निळा दिसतो, म्हणून आधी दिव्यांचा रंग जुळवायचा आणि मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे त्या उजेडात पांढरं काय ते कॅमेऱ्याला सांगायचं. मग दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर कॅमेरा त्यांच्यामधली काल्पनिक रेषा ओलांडत नाही, म्हणजे १८० अंशाचा नियम. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, लागते, ती दिली नाही तर माइक मुका.

आणि आवाज. सगळ्यांना कॅमेरा हवा असतो, आवाजाला कोणी हात वर करत नाही, म्हणून माझा सल्ला असा की तुम्ही करा. चित्र थोडं हललं तरी माणूस बघत राहतो, आवाज फाटला की तो दुसरीकडे गेलेला असतो. शिवाय साउंडला माणसं कमी, त्यामुळे सिनियरांच्या प्रोजेक्टवर पहिल्याच वर्षी शिरता येतं.

माझी पहिली मुलाखत सांगतो. मी रेकॉर्डचं बटण दाबलं, खात्री वाटेना म्हणून परत दाबलं, म्हणजे बंद केलं, मुलाखत संपल्यावर ‘बंद’ करायला दाबलं तेव्हा ते सुरू झालं. कार्डवर काय आलं तर वीस मिनिटं माझे बूट आणि कॉरिडॉरची फरशी. त्या बाई भल्या होत्या, परत बसल्या, पण पहिल्यांदा जे त्या मनापासून बोलल्या होत्या ते दुसऱ्यांदा आलं नाही.

चर्चचं लाइव्ह स्ट्रीमिंग हे काय खरं शिक्षण झालं का? घरचा फोन लावून कोणीही करतं.

हा प्रश्न जो विचारतो त्याने एकदा कंट्रोल रूममध्ये येऊन बसावं. मला विचाराल तर ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत हा विषय शिकायचा सगळ्यात मोठा फायदाच हा आहे की चॅपलच्या रूपाने आठवड्यातून एकदा तरी खरा लाइव्ह शो मिळतो, खोटा असाइनमेंटवाला नाही, खरी माणसं, खरं बँड, रिटेक नाही. दुसरीकडे विद्यार्थ्यांना लाइव्ह मल्टिकॅमेरा वर्षातून चार वेळा मिळाला तरी खूप.

आणि त्यात अडचणी किती शिकायला मिळतात बघा. हॉलमध्ये ड्रम मुळातच एवढा मोठा वाजतो की साउंड इंजिनिअर तो स्पीकरमध्ये जवळजवळ देतच नाही, मग तोच मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचं मिश्रण, स्ट्रीमला पाठवला की घरी ऐकणाऱ्याला गायकाचा आवाज छातीवर बसल्यासारखा आणि ड्रम शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा. म्हणून स्ट्रीमचा मिक्स वेगळा करायचा, वेगळ्या माणसाने, वेगळ्या खोलीत. टाळ्या आणि समूहाचं गाणं यायला हवं तर प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक जास्तीचे लावायचे, नाहीतर भरलेला हॉलसुद्धा रिकामा ऐकू येतो.

दुसरं म्हणजे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. चित्र कॅमेरा, मग कॅमेरे बदलणारा स्विचर, मग स्ट्रीमसाठी चित्र तयार करणारा एन्कोडर असं फिरत येतं आणि प्रत्येक ठिकाणी एखाद-दोन फ्रेम मागे पडतं, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, आवाज मात्र सरळ धावत पुढे पोचतो. उपाय म्हणजे आवाजाला मुद्दाम उशीर द्यायचा. किती, ते टाळी वाजवून मोजायचं. हे पुस्तकात दोन ओळीत येतं पण उपदेशकाचे शब्द आधी येतात आणि ओठ मग हलतात हे एकदा स्वतःच्या ड्युटीवर झालं ना की जन्मभर लक्षात राहतं.

आणि माणसं. डायरेक्टर ‘दोन तयार, दोन घ्या’ म्हणतो, म्हणजे दोन नंबरचा कॅमेरा, टेक्निकल डायरेक्टर बटण दाबतो, हाच कॅमेरा आत्ता प्रक्षेपणात आहे हे सांगणारा लाल टॅली लाइट त्याच्यावर लागतो, फ्लोअर मॅनेजर बोटांनी उरलेली मिनिटं दाखवतो, ग्राफिक्सवाला गाण्याची पुढची ओळ टाकतो, आणि गाणारी मंडळी अचानक कोरस चौथ्यांदा घेतात, कारण त्यांना तसं वाटलं. रनडाउनमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमाच्या कागदात, ते नाही. त्या क्षणी हेडसेटवर कोण ओरडतो आणि कोण शांत राहतो यावरून मी आजही माणसं ओळखतो.

मॅनेजमेंटमध्ये नक्की काय असतं? कंटाळवाणं वाटतं.

कंटाळवाणं आहेच. पण माझं ठाम मत आहे की बटणं कोणीही सहा महिन्यात शिकतो, वेळ, पैसा, परवानगी आणि माणसं सांभाळायला जे लागतं त्यासाठी ही डिग्री आहे, आणि नोकरीत टिकणारे लोक याच भागातले असतात.

साधं उदाहरण घ्या, साठवणूक. प्रोरेस ४२२ (एडिटिंगसाठीचा एक व्हिडिओ फॉरमॅट) मध्ये एचडी, २५ फ्रेमवर रेकॉर्ड केलं तर तासाला साधारण ५५ जीबी जातात. तीन कॅमेरे, दीड तासाची सर्व्हिस, म्हणजे जवळजवळ २५० जीबी. त्याच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर, म्हणजे एका कार्यक्रमाला पाऊण टीबी. आता वर्षाचे आठवडे गुणा. ‘सगळं ठेवून द्या’ म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवायचा, काय ठेवायचं काय पुसायचं याचा नियम लिहून घ्यायचा, त्यावर कोणाची तरी सही घ्यायची. हे सगळं मॅनेजमेंटच आहे आणि हे कोणी केलं नाही की दोन वर्षांनी एखाद्या प्राध्यापकांच्या निधनानंतर घरचे लोक त्यांचं शेवटचं भाषण मागतात आणि ते मिळत नाही.

पैशाचा भाग तर ख्रिस्ती मीडियात अजून नाजूक, कारण पैसा बऱ्याचदा देणगीचा असतो. अमेरिकेतले टीव्हीवरचे धर्मोपदेशक जिम बॅकर यांचं प्रकरण म्हणूनच वर्गात घेतात. टीव्हीवरून त्यांनी रिसॉर्टमधल्या मुक्कामाच्या ‘आजीवन भागीदारी’ विकल्या, खोल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना, १९८९ साली फसवणुकीत दोषी ठरले, ४५ वर्षांची शिक्षा झाली, ती नंतर कमी झाली आणि १९९४ ला ते सुटले. लोक यातला नैतिक भाग बोलतात, पण मला त्यातला हिशेबाचा भागही तेवढाच महत्त्वाचा वाटतो. किती विकलं आणि किती देऊ शकतो हे दोन रकाने एका कागदावर शेजारी शेजारी मांडून ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कोणाकडे होता? तो माणूस म्हणजे मॅनेजर.

चर्चमध्ये गाणं वाजवतो तेव्हा कोणी काही म्हणत नाही, तेच ऑनलाइन टाकलं की व्हिडिओ म्यूट का होतो?

कारण दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात प्रार्थनास्थळी उपासनेदरम्यान गाणं सादर करायला सूट आहे, पण ती सूट त्या जागेपुरती, प्रक्षेपणाला आणि स्ट्रीमला ती लागू होत नाही. त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं, बरीच चर्चेस ते चर्चच्या गाण्यांची लायसन्सं देणाऱ्या सीसीएलआयसारख्या संस्थेकडून घेतात, आणि स्ट्रीमिंगचं लायसन्स साध्या लायसन्सपेक्षा वेगळं असतं हे लक्षात ठेवा.

वर अजून एक गुंता आहे. गाणं म्हणजे शब्द-चाल हा एक हक्क आणि एखाद्याने ते गाऊन केलेलं रेकॉर्डिंग हा दुसरा हक्क. तुमच्या बँडने स्वतः गायलं तर पहिलाच प्रश्न, पण सर्व्हिसच्या आधी लोक बसत असताना मागे कुठला तरी ट्रॅक लावून ठेवला आणि स्ट्रीम चालू होता, तर दुसराही. निम्मे व्हिडिओ याच ‘आधीच्या दहा मिनिटां’मुळे अडकतात. तुमच्या देशातला नियम काय आहे तो वेगळा तपासा, एकाचा कायदा दुसऱ्याकडे चालत नाही.

फक्त धार्मिक कार्यक्रमच करावे लागतात का?

अजिबात नाही. कॉलेजचे सामने, बातम्या, डॉक्युमेंटरी, जाहिराती, सगळं असतं. केंटकीतल्या अझबरी युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणाच्या कामावर जात आलेत. विल्मोरसारख्या छोट्या गावातलं कॉलेज आणि काम ऑलिम्पिकचं, आणि मी पैजेवर सांगतो की तिथे त्यांना कोणी थिऑलॉजी विचारत नाही, वेळेवर आलात का आणि हेडसेटवर नीट बोलता का एवढंच.

आणि धार्मिक कार्यक्रम म्हणजे भारी सेट आणि धुराचं मशीन असंही काही नाही. बिशप फुल्टन शीन १९५२ मध्ये अमेरिकेच्या ड्युमाँट टीव्ही नेटवर्कवर आले ते एक फळा घेऊन. बोलायचे, खडूने लिहायचे, कॅमेऱ्याबाहेरचा माणूस गुपचूप फळा पुसायचा आणि शीन त्याला आपला देवदूत म्हणायचे. एमी अवॉर्ड मिळालं त्यांना. बजेट नाही म्हणून रडणाऱ्या ज्युनियरला मी हेच ऐकवतो.

युनिव्हर्सिटी आपल्या प्रोजेक्टवर कात्री चालवते का?

खरं सांगायचं तर हो, चालवू शकते. खाजगी संस्था, स्टुडिओ त्यांचा, सर्व्हर त्यांचा. अमेरिकेतसुद्धा अभिव्यक्तीचं घटनात्मक संरक्षण सरकारच्या विरोधात आहे, खाजगी युनिव्हर्सिटीच्या विरोधात ते तसंच्या तसं वापरता येत नाही. स्क्रिप्ट मंजुरीला जाते, शिव्या, हिंसा, लैंगिक विषय यांवर लेखी नियम असतात. मला काही बंधनं पटली, काही हास्यास्पद वाटली. पण एक गोष्ट, नियम आधी माहीत असेल तर भांडता येतं, शूट झाल्यावर कळला तर फक्त रडता येतं. त्यामुळे ॲडमिशनआधी विचारा की विद्यार्थ्यांच्या कामाला मंजुरी कोण देतं, आणि युनिव्हर्सिटीवरच टीका करणारी बातमी शेवटची कधी गेली. दुसऱ्या प्रश्नाला समोरचा किती वेळ गप्प राहतो तेही बघा.

लोकांच्या साक्षी, म्हणजे श्रद्धेमुळे आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगणं, रेकॉर्ड करतात त्याबद्दल काय शिकवतात?

माझ्या मते हाच विषय या डिग्रीचा गाभा आहे. एखादी व्यक्ती व्यसनाबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल उभं राहून बोलते, समोर तिची माणसं असतात, विश्वास असतो. कॅमेरा लागला की ते बोलणं त्या खोलीत राहत नाही. रिलीज फॉर्मवर (फुटेज वापरायच्या परवानगीच्या कागदावर) सही आहे म्हणजे झालं, असं नसतं. भावनेच्या भरात केलेली सही कायद्याने चालेलही, पण आम्हाला एका सरांनी सवय लावली होती की दुसऱ्या दिवशी फोन करून परत विचारायचं, आणि लहान मुलाचं नाव आलं असेल तर न विचारताच काढायचं. दोनदा लोकांनी नको म्हटलं. दोन्ही वेळा फुटेज फार सुंदर होतं आणि दोन्ही वेळा ते गेलं.

८ फेब्रुवारी २०२३ ला अझबरीमध्ये नेहमीचं चॅपल संपलं पण विद्यार्थी उठलेच नाहीत, प्रार्थना आणि गाणी साधारण दोन आठवडे चालली, सोशल मीडियावरून बातमी पसरली आणि काही हजार वस्तीच्या त्या गावात हजारो माणसं लोटली. मीडियाच्या विद्यार्थ्याने त्या हॉलमध्ये काय करायचं, शूट करायचं की बसायचं? आमच्या ग्रुपमध्ये यावर अख्खी रात्र वाद झाला होता. कोणी म्हणे नोंद राहिलीच पाहिजे, कोणी म्हणे डोळे मिटून रडणाऱ्याच्या तोंडासमोर फोन धरणारा माणूस नालायक. मी दुसऱ्या बाजूला होतो, पण पहिल्या बाजूचं म्हणणं चूक आहे असं अजूनही सिद्ध करता येत नाही मला.

नोकरी कुठे मिळते?

टीव्ही आणि रेडिओ स्टेशन, प्रॉडक्शन हाऊस, मोठी चर्चेस, एनजीओ, कंपन्यांचे व्हिडिओ विभाग, स्पोर्ट्स प्रक्षेपण, हॉस्पिटल आणि कॉलेजांचे मीडिया विभाग. ख्रिस्ती रेडिओचं जाळं जुनं आहे, शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटचं स्टेशन १९२६ चं, इक्वेडोरमधलं एचसीजेबी १९३१ चं, व्हॅटिकन रेडिओ पण १९३१ चाच आणि तो तर मार्कोनीने उभारून दिलेला. सुरुवात प्रॉडक्शन असिस्टंट म्हणूनच होते, चहा-कॉफीपर्यंत सगळं. शोरील (आपल्या कामातल्या निवडक तुकड्यांचा व्हिडिओ) दोन मिनिटांच्या आत ठेवा आणि सगळ्यात चांगला शॉट पहिल्या दहा सेकंदात टाका, शेवटी ठेवलात तर तिथपर्यंत कोणी पोचत नाही. आणि त्यात नुसती चर्चची कामं असतील तर बाहेरचा माणूस गोंधळतो, एखादा सामना, एखादी जाहिरात, एखादी मुलाखत असू द्या.

गणित लागतं का?

गुणाकार-भागाकार, सेकंद-मिनिटं मिळवणं, आणि डेसिबल म्हणजे काय एवढं. लाउडनेसचे आकडे पाठ होतात आपोआप, युरोपच्या ब्रॉडकास्टला उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप), अमेरिकेत उणे २४. बस.

स्वतःचा कॅमेरा, लॅपटॉप काय घेऊन जाऊ?

कॅमेरा नको, तिथे मिळतो आणि तुमचा दोन वर्षांत जुना होतो. बंद कानांचे चांगले हेडफोन घ्या, दोन हार्ड डिस्क घ्या, एक नाही, दोन. लॅपटॉपचं तिथल्या डिपार्टमेंटला विचारल्याशिवाय पैसे घालवू नका, कोणतं एडिटिंग सॉफ्टवेअर शिकवतात त्यावर ठरतं. आणि पायात काळे, आवाज न करणारे बूट, हे कोणी सांगत नाही पण फ्लोअरवर त्याचीच गरज जास्त.

रविवारी सुट्टी असते का?

नाही. तुम्ही या कामात असाल तर बाकीचे प्रार्थनेला येतात तेव्हा तुम्ही दोन तास आधीपासून केबल टाकत असता, आणि ते जेवायला जातात तेव्हा केबल गुंडाळत. स्वतःच्या श्रद्धेसाठी वेगळा वेळ काढावा लागतो, हेडसेट घालून उपासना होत नाही, मी वर्षभर होते असं समजत होतो. शेड्युल बनवणाऱ्याकडे पहिल्याच आठवड्यात जा आणि महिन्यातला एक रविवार लेखी मोकळा मागून घ्या, नंतर मागितला तर मिळत नाही कारण तोपर्यंत तुम्ही साउंडला चांगले आहात हे सगळ्यांना कळलेलं असतं.